सांगणारा आणि लिहिणारा : आरंभीच्या आधुनिक वैद्यकातील साक्षीचा प्रश्न

१

‘हे तुम्हांला कोणी सांगितले?’ हा प्रश्न दोन भिन्न हेतूंनी विचारला जाऊ शकतो. सांगितलेले खरे आहे की नाही हे पडताळून पाहणे हा पहिला हेतू. सांगणाऱ्याचे जे देणे आपल्यावर चढले त्याची नोंद घेणे हा दुसरा. ज्ञानमीमांसेने सामान्यतः पहिल्या हेतूचा विचार केला आहे आणि दुसरा हेतू नीतिविचाराकडे, किंवा अधिक वेळा केवळ सौजन्याकडे, सोपवला आहे. ग्रंथाच्या आरंभी छापले जाणारे ‘ऋणनिर्देशाचे’ पान ही या सौजन्याची आपल्या परिचयाची जागा. या दोन हेतूंची अशी फारकत करता येत नाही, आणि त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट ग्रंथाचा रूपबंध ही असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपीय वैद्यक आणि निसर्गविद्या यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जे ज्ञान ‘मिळवले’, त्याचे दोन प्रमुख ग्रंथ त्यासाठी आधाराला घेतले आहेत. या ग्रंथांचा विचार वनस्पतिशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने मात्र त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

या काळाच्या विज्ञानाची स्वतःविषयीची समजूत अशी होती की, ते कोणाच्याही शब्दावर विसंबत नाही. १६६० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने याच आशयाचे लॅटिन बोधवाक्य स्वीकारले. गेलेनने काय लिहिले आहे हे पाहण्यापेक्षा शरीर उघडून पाहावे, डायोस्कोरिडीझने काय वर्णन केले आहे हे वाचण्यापेक्षा झाड हाती घ्यावे, ही वृत्ती निःसंशय मुक्तिदायी होती. परंतु स्टीव्हन शेपिन याने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, शब्दावरचा विश्वास या विज्ञानातून हद्दपार झाला नाही. त्याचे केवळ वाटप बदलले. इंग्लंडमध्ये सद्गृहस्थाचा शब्द विश्वसनीय ठरला, कारण तो कोणाचा मिंधा नाही असे मानले जाई. नोकर, स्त्रिया आणि परावलंबी माणसे यांचा शब्द त्याच न्यायाने संशयास्पद ठरला. रॉबर्ट बॉइल याच्या प्रयोगशाळेत उपकरणे चालवणारे, आकडे टिपणारे हात अनेक होते. ग्रंथात नाव आले ते बॉइलचे. ‘कोणाच्याही शब्दावर नाही’ या वाक्यात ‘कोणाच्याही’ या शब्दाची व्याप्ती अशी आधीच ठरून गेलेली होती.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. एखाद्याकडून आपल्याला माहिती मिळते तेव्हा त्याच्याकडे आपण दोन प्रकारे पाहू शकतो. रस्त्यावरच्या माणसाच्या ओल्या छत्रीवरून पाऊस पडतो आहे हे आपल्याला कळते. तेथे तो माणूस माहितीचे साधन असतो. तोच माणूस ‘बाहेर पाऊस आहे, थांबा’ असे सांगतो तेव्हा तो ज्ञाता असतो आणि आपल्याशी एका संबंधात येतो. एडवर्ड क्रेग याने १९९० साली मांडलेल्या या भेदाला मिरांडा फ्रिकर हिने २००७ साली नैतिक परिमाण दिले. ज्ञात्याला केवळ साधनाच्या पातळीवर उतरवणे हा एक विशिष्ट प्रकारचा अन्याय आहे, असे तिचे म्हणणे आहे. हा अन्याय संहितेच्या पातळीवर कसा घडतो, हा आपला प्रश्न आहे.

२

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याचे आईवडील १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू होते. पुढे १४९७ साली पोर्तुगालमध्ये झालेल्या सक्तीच्या धर्मांतरानंतर हे कुटुंब ‘नवख्रिस्ती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ओर्ताचे शिक्षण सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत झाले. गोव्यात त्याने तीन दशकांहून अधिक काळ वैद्यकी केली, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. ‘भारतातील साधी औषधे व औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. छपाईच्या चुकांनी भरलेल्या या ग्रंथाच्या आरंभी कामोंइश या कवीची एक प्रशस्ती आहे. पुढे पोर्तुगालचा राष्ट्रकवी ठरलेल्या या माणसाची छापली गेलेली ही पहिली कविता मानली जाते.

ग्रंथाचा घाट संवादाचा आहे. स्पेनमधून नुकताच आलेला रुआनो नावाचा वैद्य ओर्ताच्या घरी उतरतो आणि एकेका द्रव्याविषयी प्रश्न विचारतो. ओर्ता उत्तरे देतो. रुआनो हे कल्पित पात्र आहे. तो ओर्ताप्रमाणेच सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला आहे, म्हणजे तो ओर्ताचाच पूर्वावतार आहे. गोव्यात तीस वर्षे काढलेला ओर्ता, युरोप सोडताना आपण जे होतो त्याच्याशी बोलतो आहे, असे या रचनेचे वर्णन करता येईल. रुआनो पुन्हा पुन्हा ग्रीक आणि अरबी ग्रंथकारांचे हवाले देतो. ओर्ता त्याला बजावतो की, डायोस्कोरिडीझ आणि गेलेन यांची नावे सांगून मला भिववू नये, कारण मी जे जाणतो तेवढेच बोलतो आहे. आपण स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, असेही तो एके ठिकाणी मोकळेपणाने कबूल करतो. या कबुलीचे महत्त्व मोठे आहे. सत्य सांगता येणे ही गोष्ट केवळ जाणण्यावर अवलंबून नसते, ती कोठे उभे राहून बोलता येते यावर अवलंबून असते, हे ओर्ताला स्वानुभवाने ठाऊक होते.

परंतु या घरात बोलणारी माणसे दोनच नाहीत. आन्तोनिया नावाची एक सेविका आहे. मालकाने हाक मारली की ती येते, फळ किंवा वनस्पती आणून देते, विचारल्यास दोन शब्द बोलते. निशोत्तराविषयीच्या संवादात मालुपा नावाचा गोव्यातील हिंदू वैद्य येतो. त्याला प्रश्न विचारले जातात आणि तो स्वतःच्या वैद्यकीतून उत्तरे देतो. या दोघांना मिळालेली जागा अल्प आहे, आणि तीही मालकाच्या मर्जीने मिळालेली आहे. शिवाय येथील हिंदू वैद्य केवळ अनुभवाने आणि रूढीने उपचार करतात, त्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, असा ओर्ताचा सर्वसाधारण अभिप्राय आहे. म्हणजे ज्यांच्याकडून तो शिकतो त्यांच्या ज्ञानाला तो ‘शास्त्र’ म्हणत नाही.

असे असूनही संवादाच्या घाटाने एक गोष्ट घडवून आणली आहे, आणि ती लेखकाच्या अभिप्रायापेक्षा मोठी आहे. महामारीसारख्या प्राणघातक ओकाऱ्या-जुलाबांच्या विकाराचे ओर्ताने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथे तो रोगाचे लॅटिन नाव देतो, अरबी नाव देतो आणि इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात व आम्ही त्याचा अपभ्रंश करून ‘मोर्देशी’ म्हणतो, असे सांगतो. मराठी-कोंकणी वाचकाला ‘मोडशी’ हा शब्द ओळखू येण्यास अडचण पडू नये. पुढे रुआनो इथल्या वैद्यांच्या उपचाराविषयी विचारतो. ते तांदळाचे पाणी मिरी आणि जिरे घालून पाजतात, त्याला ‘कांजी’ म्हणतात, आणि पायांना डाग देतात, असे ओर्ता सांगतो. त्यानंतर स्वतःचा उपचार सांगतो. दोन उपचार शेजारी-शेजारी उभे राहतात, आणि ‘याहून चांगला कोणता?’ असा प्रश्न विचारण्यास रुआनोला, म्हणजेच वाचकाला, मुभा राहते. ज्याला ‘केवळ रूढी’ म्हटले त्या रूढीचीही बाजू पुढे केव्हा तरी मांडली जाईल, ही शक्यता संहितेत शिल्लक राहते.

बाख्तीनच्या परिभाषेत बोलायचे तर हा ग्रंथ पूर्णार्थाने बहुस्वनी नाही. सर्व आवाज एकाच लेखणीतून आले आहेत. तथापि ज्ञान हे कोणी तरी कोणाला तरी सांगितलेले असते, ही घटना या घाटाने लपवलेली नाही. द्रव्य हातात कोणी आणून दिले, नाव कोणी सांगितले, शंका कोणी घेतली, हे सर्व दृश्य आहे. आन्तोनियाचे कुळ, गाव, भाषा आपल्याला कळत नाही. तिच्या स्वातंत्र्याचा तर प्रश्नच नाही. पण ती खोलीत आली होती हे कळते.

३

१५६४ साली क्लूसियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्लँडर्समधील वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पोर्तुगालमध्ये हा ग्रंथ लागला. १५६७ साली अँटवर्प येथील प्लांतँच्या छापखान्यातून त्याने त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. त्याने संवादाचा घाट काढून टाकला, द्रव्यांचा क्रम नव्याने लावला, काही चित्रे आणि स्वतःच्या टिपा घातल्या. युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः या रूपात. मूळ पोर्तुगीज ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती लिस्बनला निघाली ती १८९१ ते १८९५ या काळात, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी.

क्लूसियसवर वाङ्मयचौर्याचा आरोप करता येत नाही, आणि तेच या प्रकरणातील विचार करण्यासारखे आहे. त्याने मुखपृष्ठावर ओर्ताचे नाव ग्रंथकार म्हणून दिले आहे. मूळ ग्रंथ पोर्तुगीज भाषेत संवादरूपाने लिहिलेला होता, हेही तेथेच नमूद केले आहे. ऋणनिर्देशाच्या कसोटीवर तो पूर्ण उतरतो. तरीही त्याच्या हातून काही तरी नष्ट झाले. रुआनो गेल्यामुळे शंका गेली. आन्तोनिया गेल्यामुळे द्रव्य आणणारे हात गेले. मालुपा गेल्यामुळे उत्तर देणारा गेला. उरली ती विधाने. ‘ओर्ताला मालुपाने सांगितले की अमुक औषधाने रेच होतो’ या घटनेचे ‘अमुक औषध रेचक आहे’ या गुणधर्मात रूपांतर झाले. आन्तोनिया आणि मालुपा यांच्या संदर्भात ओर्ता एकटाच ज्ञाता उरला. आणि ओर्ता स्वतःही पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हळूहळू एक साधन होऊन गेला.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सत्य कोणी सांगितले यावर त्याचे सत्यत्व अवलंबून नसते. औषध रेचक असेल तर ते मालुपाने सांगितले म्हणून अधिक रेचक होत नाही. ज्ञान सार्वत्रिक व्हायचे तर त्याला व्यक्तींपासून सुटे व्हावेच लागते. संक्षेप, कोश, सारणी ही त्या सुटकेचीच साधने होत. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला एवढेच उत्तर देता येईल की, विधानाचे सत्यत्व सांगणाऱ्यावर अवलंबून नसले तरी विधानाची दुरुस्ती त्याच्यावर अवलंबून असते. संक्षेपात एखादी चूक शिरली तर ती विचारायची कोणाला? सांगणाऱ्याकडे परत जाण्याची वाट पुसली गेली की चूक निर्वेधपणे प्रवास करू लागते.

‘मोडशी’ या शब्दाचाच पुढचा प्रवास पाहावा. पोर्तुगीज ‘मोर्देशीं’वरून फ्रेंच लेखनात या रोगाचे नाव ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे रूढ झाले. ध्वनिसाम्याने घडलेली ही एक लोकव्युत्पत्ती आहे. ‘मोडणे’ या धातूशी जोडला जाणारा, शरीराचे मोडून पडणे सांगणारा एक शब्द परभाषेत जाऊन कुत्र्याच्या मरणाचे चित्र उभे करू लागला. ज्यांनी तो शब्द दिला त्यांच्यापैकी कोणी त्या संभाषणात उपस्थित असता तर ही चूक एका वाक्यात सुधारली गेली असती. येथे नैतिक हानी आणि ज्ञानात्मक हानी या दोन घटना नाहीत. सांगणाऱ्याला संभाषणातून वगळणे या एकाच घटनेची ती दोन वर्णने आहेत.

४

आता याच गावात, याच काळात घडत असलेल्या दुसऱ्या एका साक्षीव्यवहाराकडे वळणे आवश्यक आहे, कारण त्याने आपल्या प्रश्नाची एक सोयीस्कर उकल अशक्य करून टाकली आहे. ती उकल अशी : सांगणाऱ्याचे नाव आणि त्याचा शब्द काळजीपूर्वक नोंदवून ठेवला की आपले कर्तव्य संपले.

गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० साली झाली. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ सालच्या ग्रंथामुळे तिचा इतिहास आपल्याकडील अभ्यासकांना परिचित आहे. ओर्ता १५६८ साली मरण पावला. त्यानंतर लवकरच त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले आणि १५६९ साली गोव्यात तिला जाळण्यात आले. नातेवाइकांच्या जबान्यांतून ओर्ता हाही मनाने ज्यू धर्माचाच होता असा निष्कर्ष काढला गेला आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

इन्क्विझिशनचा ज्ञानव्यवहार म्हणून विचार केला तर तो किती काटेकोर होता हे ध्यानात येते. जबानी घेतली जाई, ती लेखनिक लिहून घेई, तिच्यावर सही होई, ती जपून ठेवली जाई. कातारिनासारख्या स्त्रीचा शब्द कोणी तरी लक्षपूर्वक ऐकून अक्षरशः उतरवून घेतला, असे त्या काळच्या समाजात दुसरीकडे क्वचितच घडले असेल. आरोपीपासून मात्र साक्षीदारांची नावे गुप्त ठेवली जात, म्हणजे आपल्याविरुद्ध काय सांगितले गेले याला सांगणाऱ्यासमोर उत्तर देण्याचा मार्ग बंद होता. आणि साक्ष देणाऱ्याला गप्प राहण्याचे स्वातंत्र्य नव्हते. नोंद होती, नाव होते, शब्द होता. नव्हता तो नकाराचा आणि प्रत्युत्तराचा अधिकार.

ओर्ताच्या ग्रंथाकडे या प्रकाशात पुन्हा पाहिले म्हणजे त्यातील संवादाला एक वेगळे गांभीर्य येते. ज्या माणसाला आपल्या घराची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणालाही सांगता येत नव्हती, त्याने दोन मित्र मोकळेपणाने एकमेकांना प्रश्न विचारीत आहेत असे एक घर ग्रंथात उभे केले. गेलेनविषयी तरी भीती न बाळगता बोलता येईल एवढी जागा त्याने निर्माण केली. मात्र ही जागा त्याच्या सेविकेला किती उपलब्ध होती, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. स्वतः दडपला गेलेला माणूस आपल्या घरातील दडपलेल्या माणसाचा आवाज ऐकतोच असे नाही.

५

दुसरा ग्रंथ याच्या शंभर वर्षांनंतरचा आणि किनाऱ्याच्या दक्षिण टोकाचा आहे. कोचीन येथील डच सत्तेचा प्रमुख हेंड्रिक फान रेड याने मलबारमधील वनस्पतींचा ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करवून घेतला. त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि भव्य ताम्रपटचित्रे आहेत. माहिती स्थानिक वैद्यांकडून घेतली जाई आणि पोर्तुगीज व डच भाषांचे टप्पे घेत ती लॅटिनमध्ये जाई. पुढे लिनीअसने वनस्पतींच्या नामकरणात या ग्रंथाचा मोठा उपयोग केला.

या ग्रंथाच्या पहिल्या खंडात एक असाधारण गोष्ट आहे. माहिती देणाऱ्यांची प्रमाणपत्रे त्यांच्याच लिपीत छापलेली आहेत. एक आहे इट्टी अच्युतन या एळवा समाजातील परंपरागत वैद्याचे. दुसरे आहे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचे. हे दुसरे प्रमाणपत्र १६७५ सालचे असून नागरी लिपीत, कोंकणी भाषेत आहे. युरोपात छापल्या गेलेल्या ग्रंथांत नागरी अक्षरे दिसण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी ते एक होय. कोचीनमधील हा कोंकणी समाज गोव्यातील पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचामुळे दक्षिणेकडे सरकलेल्या लोकांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे ओर्ताच्या गोव्याशी त्याचे असलेले नाते स्पष्ट होते. ज्या सत्तेने एका वैद्याच्या अस्थी जाळल्या तिच्यापासून दूर गेलेल्या लोकांच्या वंशजांनी दुसऱ्या एका परकीय सत्तेला आपल्या निघंटूंतील ज्ञान सांगितले.

ओर्ताच्या ग्रंथाच्या तुलनेत हे मोठे पुढचे पाऊल दिसते. येथे आन्तोनियासारखे नुसते हाक मारण्याचे नाव नाही. कुळ आहे, व्यवसाय आहे, लिपी आहे, सही आहे. परंतु प्रमाणपत्राचे कार्य काय आहे हे पाहिले पाहिजे. या ग्रंथातील माहिती आम्ही परिश्रमपूर्वक दिली आहे आणि ती खरी आहे, अशी ग्वाही ही माणसे देतात. ती वनस्पतींविषयी बोलत नाहीत; ग्रंथाविषयी बोलतात. प्रमाणपत्र संपले की ती थांबतात, आणि पुढच्या पानांवर वनस्पतींविषयी बोलणारा आवाज लॅटिन भाषेतील अनाम निवेदकाचा असतो. दस्तऐवजावरच्या मुद्रेप्रमाणे ही नावे ग्रंथाला विश्वसनीयता देतात. आन्तोनियाला कुळ नव्हते पण प्रसंग होता. रंगभटाला नाव आहे पण प्रसंग नाही. फान रेडने आपल्या एका प्रस्तावनेत या पंडितांच्या आणि वैद्यांच्या चर्चा किती संयमाने चालत याचे कौतुकाने वर्णन केले आहे. चर्चा झाल्या होत्या, मतभेदही झाले असणार. ग्रंथाच्या अंगभागात त्यांचे पडसाद फारसे उरलेले नाहीत.

नंतरच्या अभ्यासकांनाही या आवाजांची वाटणी करण्याचा मोह आवरलेला नाही. रिचर्ड ग्रोव्ह याने १९९५ साली असे मांडले की, हा ग्रंथ मूलतः एळवा वैद्यांच्या ज्ञानव्यवस्थेचा आहे आणि ब्राह्मणी ज्ञानाचे स्थान त्यात दुय्यम आहे. इट्टी अच्युतनला मध्यभागी आणणारी ही मांडणी आवश्यकच होती. पण ग्रंथातील कोणते वाक्य कोणाच्या तोंडचे आहे हे ठरवण्याचे साधन ग्रंथानेच पुसून टाकलेले असल्यामुळे अशा कोणत्याही वाटणीला मर्यादा पडतात. संवादाचा घाट गमावल्याची ही किंमत आहे, आणि ती तीन शतकांनंतरच्या वाचकालाही द्यावी लागते.

एक गोष्ट तरीही उरते. ॲम्स्टरडॅममधील बहुतेक वाचकांना ती नागरी अक्षरे वाचता येत नव्हती; त्यांच्या दृष्टीने ती वनस्पतींच्या चित्रांसारखेच एक चित्र होती. आपल्याला मात्र ती वाचता येतात. ज्या वाचकाची कल्पना ग्रंथकर्त्याने केली नव्हती, त्याच्यासाठी त्या पानावरचे सांगणारे अजून बोलत आहेत.

६

हा सारा विचार वसाहतवादाच्या चौकटीत बसवून मोकळे होणे सोपे आहे. ती चौकट खोटी नाही. पण तिच्यात आपल्याकडील ज्ञानपरंपरेची झडती घेण्याचे राहून जाते.

न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि शब्दाचा आधार म्हणून ‘आप्त’ ही कल्पना मांडली. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने विषय प्रत्यक्ष जाणला आहे आणि जसा जाणला तसा तो इतरांना कळावा या इच्छेने जो सांगतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समान लागू आहे, असे तो पुढे स्पष्ट म्हणतो. सांगणाऱ्याची विश्वसनीयता त्याच्या जन्मावर वा स्थानावर नव्हे, तर त्याच्या जाणण्यावर आणि प्रामाणिक इच्छेवर अवलंबून आहे, ही भूमिका रॉयल सोसायटीच्या सद्गृहस्थनिष्ठ व्यवहाराच्या कित्येक पावले पुढची आहे. ‘सांगण्याची इच्छा’ हा घटक तिने लक्षणातच घातला आहे, हे विशेष. जबरीने वदवून घेतलेला शब्द या लक्षणात बसणे कठीण.

तत्त्वातील हे औदार्य व्यवहारात किती उतरले? चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात असे म्हटले आहे की, वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी लोक. हा ऋणनिर्देश नव्हे काय? आहे, पण लगेच पुढे म्हटले आहे की, नावरूपाच्या ज्ञानाने कोणी औषधीचा खरा जाणकार होत नाही, जो तिचा योग जाणतो तो तत्त्ववेत्ता. वैद्यकदृष्ट्या हे विधान समर्थनीय आहे. तथापि त्याची रचना ओर्ताच्या ‘केवळ अनुभव आणि रूढी’ या अभिप्रायाच्या रचनेशी किती जुळते हे नजरेआड करता येत नाही. विमानस्थानात चरकाने संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : सलोख्याने केलेली आणि विजयासाठी केलेली. दोन्ही प्रकार ‘तद्विद्यां’मध्ये, म्हणजे तीच विद्या शिकलेल्यांमध्ये, घडतात. गुराख्याशी संभाषा होत नाही. त्याच्याकडून ओळखून घ्यायचे असते. हॉर्तुसमध्ये रंगभट आणि त्याचे सहकारी मुद्रा होऊन राहिले. पण ज्यांनी त्यांच्या निघंटूंना वनस्पती पुरवल्या त्यांना त्या निघंटूंत ती मुद्राही मिळालेली नव्हती.

७

या विवेचनातून हाती काय लागते? पहिले असे की, नामनिर्देश आवश्यक आहे पण पुरेसा नाही. क्लूसियसने नाव दिले, फान रेडने सहीही घेतली, इन्क्विझिशनने तर अक्षरशः जबानी लिहून ठेवली. ज्ञात्याचे ज्ञातेपण या कशानेही राखले गेले असे म्हणता येत नाही. ते राखले जाते ते सांगणाऱ्याच्या तीन अधिकारांमुळे : न सांगण्याचा अधिकार, सांगितलेले दुरुस्त करण्याचा अधिकार आणि विचारणाऱ्याला उलट विचारण्याचा अधिकार. ज्या संहितेत या तिहींची खूण राहते ती, सांगणाऱ्याचे नाव देवो वा न देवो, त्याच्याशी अधिक प्रामाणिक असते. दुसरे असे की, ही खूण राहणे वा न राहणे हे लेखकाच्या सद्हेतूपेक्षा रूपबंधाच्या निवडीवर ठरते. ओर्ताचा हेतू मालुपाला प्रतिष्ठा देण्याचा नव्हता. घाटाने ती थोडीशी दिली. क्लूसियसचा हेतू कोणाला गप्प बसवण्याचा नव्हता; घाटाने तसे केले. रूपबंधाला नैतिक परिणाम असतात हे आपण कथा-कादंबरीच्या संदर्भात सहज मान्य करतो. ज्ञानग्रंथांच्या संदर्भात ते मान्य करण्याची वेळ आली आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न दूरचा नाही. लोकसाहित्याच्या संशोधनात आपण गेली कित्येक दशके ओव्या, कहाण्या, उखाणे, औषधांची आणि विधींची माहिती गोळा करीत आलो आहोत. संकलकाचे नाव मुखपृष्ठावर असते. सांगणारी ‘एक वृद्ध स्त्री’ असते, किंवा परिशिष्टात नाव, वय, गाव, जात अशा रकान्यांत बसवलेली असते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनासारख्या प्रकल्पांनी गाणाऱ्या स्त्रियांची नावे ओव्यांशी जोडून ठेवली, आणि २०१७ पासून तो संग्रह महाजालावरून प्रसिद्ध होऊ लागला, ही आश्वासक घटना आहे. तिच्यापुढचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा आजचा साचा हा क्लूसियसचा साचा आहे : वर्गीकरण, सारणी, निष्कर्ष. विचारणाऱ्याने काय विचारले, सांगणारीने काय सांगण्याचे टाळले, कोठे ती हसली आणि ‘तुम्हांला हे कशाला हवे?’ असे तिने कोठे विचारले, याला त्या साच्यात जागा नाही. ती जागा करणे म्हणजे संशोधनात ललित रंग भरणे नव्हे. सांगणारीने खरोखर काय सांगितले हे पुढच्या अभ्यासकाला पडताळता यावे आणि तिच्या नातीला हवे तर खोडून काढता यावे, एवढ्यासाठी ती जागा लागते.